पुण्याची वेळ, महालक्ष्मीची हिरवळ

पुण्याचा पावसाळी हंगाम आटोपला की त्यातील बरेच घोडे नोव्हेंबरपासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर उतरतात. दोन्हीकडे आयोजक एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. मात्र पुण्याच्या भिजलेल्या हिरवळीवर नोंदलेली वेळ महालक्ष्मीच्या कोरड्या, कठीण हिरवळीवर जशीच्या तशी लावणे म्हणजे घोड्यावर अन्याय आणि पैसे लावणाऱ्याची फसगत. ही फसगत आता महागही झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

जमिनीचा अंदाज यावा म्हणून क्लब पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर करतो. ठराविक वजन ठराविक उंचीवरून सोडल्यावर सळई मातीत किती रुतते, ते हे उपकरण मोजते. आकडा मोठा, तर जमीन मऊ. अडचण एवढीच की, संपूर्ण ट्रॅकसाठी हा एकच आकडा असतो. वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावात ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. एकाच सरीनंतर वरच्या खाचरात पाय ठरतो, खालच्यात घोट्यापर्यंत रुततो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे दिवसभराच्या वेळांवरून सुधारणा काढणे. समजा, त्या दिवशीचे विजेते आपापल्या श्रेणीच्या नेहमीच्या वेळेपेक्षा दर १०० मीटरला ०.१ सेकंद मागे राहिले. मग १४०० मीटरच्या वेळेतून १.४ सेकंद आणि २००० मीटरच्या वेळेतून २ सेकंद वजा करावयाचे. हिशेब सोपा आहे, आणि फसतोही येथेच. पाचव्या शर्यतीपूर्वी सर कोसळली, तर सुधारणा दोन काढाव्या लागतात. शिवाय सारा विलंब जमिनीच्या खात्यावर टाकता येत नाही. जॉकींनी पहिले ८०० मीटर घोडे आवरून धरले, तर एकूण वेळ संथ येते आणि अखेरचे ६०० मीटर मात्र डोळे दिपवतात. अशी शर्यत सरासरीत घेतल्यास जमीन होती त्याहून जड ठरते व त्या दिवशीच्या इतर सर्व घोड्यांना फुकटचे श्रेय मिळते. सुधारणा सर्व टप्प्यांत सारखी वाटणेही योग्य नव्हे. मऊ जमिनीवर थकवा साचत जातो. तिचा मोठा वाटा शेवटच्या टप्प्याकडे जावयास हवा. (सकाळच्या सरावाच्या वेळा बहुधा वाळूच्या ट्रॅकवरच्या, त्या या हिशेबात आणूच नयेत.)

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते तात्पुरत्या कठड्यांकडे, म्हणजेच फॉल्स रेल्सकडे. आतली हिरवळ जपण्यासाठी ते लावले जातात. कठडा ७ मीटर बाहेर असेल आणि सुरुवातीची जागा पुढे सरकवलेली नसेल, तर अर्धवर्तुळाकार वळणावर घोड्याला सुमारे २२ मीटर अधिक पळावे लागते. शर्यतीच्या वेगाने हे अंतर कापण्यास साधारण १.३ सेकंद लागतात. वरच्या उदाहरणातील १४०० मीटरच्या शर्यतीत ‘जड जमिनी’च्या नावे मांडलेले जवळजवळ सगळे १.४ सेकंद एकट्या कठड्याचे असू शकतात.