करवंदांचे दिवस, फिनलंडची कृती

मे महिना सरत आला की पुण्यात दोन तऱ्हेची काळीनिळी फळं मिळतात. मोठ्या दुकानाच्या थंड कपाटात, सव्वाशे ग्रॅमच्या पारदर्शक डबीत, परदेशातून आलेल्या ब्लूबेरी. आणि मंडईबाहेर फुटपाथवर, पानांच्या द्रोणात, पहाटेच्या एसटीनं आलेली करवंदं. फिनलंडमध्ये घरोघरी होणारा ब्लूबेरी पाय पुण्यात करायचा असेल तर यांतलं कुठलं फळ घ्यावं? मी करवंदं घेते. हाताशी आहेत म्हणून चालवून घ्यायचं, असं त्यात काही नाही. त्या पदार्थाचा जीव ज्यात आहे ते करवंदातच सापडतं, असं माझं ठाम मत आहे.

माझी भाची नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये एस्पू शहरात राहते. शहराला लागूनच नूक्सिओचं राष्ट्रीय उद्यान आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत तिकडची माणसं बादल्या घेऊन रानात शिरतात. तिथली रानटी ब्लूबेरी जेमतेम पोटरीइतक्या उंचीच्या झुडपावर एकेकटी लागते. आतपर्यंत गडद असते, बोटं आणि जीभ जांभळी करून सोडते. डबीतली ब्लूबेरी हे वेगळंच झाड. ते अमेरिकेतलं, पुरुषभर उंच वाढणारं. फ्रेडरिक कोव्हिल हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि न्यू जर्सीच्या शेतकरी एलिझाबेथ व्हाइट यांनी ते लागवडीखाली आणलं आणि १९१६ मध्ये त्याचं पहिलं पीक बाजारात गेलं. हे फळ मोठं, टिकाऊ, प्रवासाला सोसणारं. पण कापलं तर आतून फिकट आणि चवीला मवाळ. फिनलंडच्या पायाला लागतो तो आंबटपणा, तो रंग, तो रानवट वास त्यात उतरत नाही.

तिकडच्या रानाची एक रीत मला फार मोलाची वाटते. जमीन कुणाच्याही मालकीची असो, रानातली बोरं-बेऱ्या आणि अळंबी वेचायचा हक्क तिथे प्रत्येकाला आहे, परदेशातून आलेल्या माणसालाही. अट एवढीच, की कुणाच्या अंगणात शिरायचं नाही आणि उभ्या झाडाला इजा करायची नाही. वेचलेली रानफळं विकून आलेल्या पैशावर वेचणाऱ्याला प्राप्तिकरही भरावा लागत नाही. ज्या देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग रानानं व्यापलेला आहे, तिथे ही रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. हा पाय त्या रीतीतूनच आलेला आहे. सकाळी वेचलं, दुपारी भाजलं, संध्याकाळी कॉफीबरोबर खाल्लं. म्हणून तो साधा असतो. त्याला वरचं झाकण नाही, नक्षी नाही, पीठ लाटण्याचाही खटाटोप नाही.

कृती पाहिली तर मराठी स्वयंपाकघराला ती परकी वाटू नये. तिकडच्या बायका पीठ-साखर वजनावर घेत नाहीत, डेसिलिटरच्या मापानं घेतात. आपल्या वाटीचाच हिशेब. मैद्यात अनेकजणी राय या काळपट धान्याचं पीठ मिसळतात. मी नाचणीचं घालते. फळांवर ओतायला आंबट साय किंवा घट्ट दही लागतं. फिनलंडमध्ये व्हीली नावाचं तार धरणारं दही असतं आणि तेही आदल्या दिवसाच्या दह्याचं विरजण लावूनच होतं. आपल्याकडे त्या जागी डेअरीतला ताजा चक्का चपखल बसतो. वेलदोडा तर त्यांचा जुना सोबती आहे. त्यांच्या गोड पावात, पुल्लात, वेलदोडा नसेल तर तो पुल्लाच नव्हे. तेव्हा या पायात वेलदोडा घातला की कुणी त्याला भारतीय फोडणी म्हणू नये.

परवा करवंदं आणायला मंडईत गेले. महात्मा फुले मंडईची ती दगडी इमारत १८८६ सालची. तिच्या आतल्या गाळ्यांत आता वर्षभर सगळं मिळतं, पण करवंदं मिळतात ती बाहेर, जमिनीवर बसणाऱ्या बायकांकडेच. एका मावशींपुढे पाटी होती. वर ओलं फडकं, त्याखाली करवंदं. काही काळीभोर, काही अजून लालसर.

“कुठली, मावशी?”

“पानशेतच्या वरली. काल सांजच्याला तोडली, ताई. खाऊन बघा की.”

त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत काट्यांचे ओरखडे होते, काही ताजे, काही सुकलेले. बोटांच्या पेरांवर चीक वाळून काळा पडला होता. करवंदीची जाळी कुणालाही सुखासुखी फळ देत नाही. एकेक करवंद काट्यांतून हात घालून काढावं लागतं. “औंदा कमीच हाय,” त्या म्हणाल्या. “फुलावर असताना वणवा आला. आन्‌ खालच्या अंगाला पलाट पडल्यात. तारंचं कुंपान केलंय, जाळ्या समद्या काढून टाकल्या.” त्यांनी सांगितलेल्या भावात मी दोन वाटे घेतले.

आता पायाकडे वळू. आधी बोटांना आणि सुरीला तेलाचा हात लावायचा, नाहीतर चीक निघता निघत नाही. करवंद उभं चिरून सुरीच्या टोकानं बिया काढायच्या. काम चिकट आणि वेळखाऊ आहे. घरातल्या दोघातिघांनी गप्पा मारत करण्याचं. बिया काढलेली दोन वाट्या करवंदं झाली की त्यांवर चमचाभर आरारूट भुरभुरायचं, म्हणजे रस खालच्या पिठात मुरून ते ओलं करत नाही. फिनलंडमध्ये यासाठी बटाट्याचं सत्त्व वापरतात. करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळे रस आपणहूनही दाटतो.

शंभर ग्रॅम लोणी आणि अर्धी वाटी साखर फेसायची. त्यात एक अंडं, मग सव्वाशे ग्रॅम मैदा, चाळीस ग्रॅम नाचणीचं पीठ आणि एक चमचा बेकिंग पावडर. हा गोळा पोळपाटावर घ्यायचाच नाही. थालीपीठ थापतो तसा थेट भांड्यातच बोटांनी थापायचा आणि कडा जरा वर चढवायच्या. त्यावर करवंदं. मग दोनशे ग्रॅम चक्का थोड्या दुधानं सैल करून, त्यात एक अंडं, पाऊण वाटी साखर आणि वेलदोड्याची पूड घोटून वरून ओतायचं. ओव्हन २०० अंशांवर तापलेला हवा. अर्धा तास, फार तर पस्तीस मिनिटं. कड तांबूस झाली आणि मधला भाग किंचित हलता राहिला की काढायचा. गरम कापू नये. निवताना तो आवळून येतो.

भाजताना काचेतून जरूर बघावं. पांढऱ्या चक्क्यावर करवंदांच्या कडेनं आधी गुलाबी, मग गर्द किरमिजी रेघा पसरतात. फळातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची ती करामत. आंबट जागी ते लालीकडे झुकतं आणि सोड्याचा अंश जास्त झाला तर निळंहिरवं पडतं. म्हणून बेकिंग पावडर मोजूनच घालावी आणि नुसता सोडा घालूच नये.

ओव्हन हे श्रीमंती खूळ, असं अजूनही काहीजण म्हणतात. पुण्याला तरी ते शोभत नाही. मैदा, साखर, तुपाचे डबे घेऊन बेकरीत जायचं आणि समोर बसून नानकटाई भाजून आणायची, ही सुटीतली रीत इथल्या कितीतरी वाड्यांनी जपली. लष्कर भागातल्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ मध्ये कयानी बेकरी सुरू झाली आणि तिच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी अख्खं शहर रांगेत उभं राहिलं. पुढे घराघरांत झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी कढईत वाळू तापवून केक केले. भाजणं आपल्याला नवीन नाही. फक्त आपण भाजलं ते बाजारातून आणलेलं सामान. आपल्या डोंगरातलं फळ त्या भट्टीत क्वचितच गेलं. करवंदाचं लोणचं झालं, सरबत झालं, मुरंबाही झाला. आता हा पाय व्हावा.

फिनलंडची कृती आपण उचलू, पण तिच्यामागची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. आपली रानं तशी अफाट नाहीत, आणि त्यांच्यावर ज्यांचं पोट आहे त्यांचा हक्क पहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानात राहणाऱ्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि पुढे गावाच्या रानातला बांबू स्वतः विकून दाखवला. मुळशी, वेल्हे, भोर, मावळातल्या कातकरी, महादेव कोळी, धनगर बायका डोक्यावर पाटी घेऊन शहरात येतात, तेव्हा त्या याच हक्काच्या बळावर जगत असतात. शहरातल्या माणसानं सुटीच्या दिवशी गाडी घेऊन जाऊन जाळ्या ओरबाडणं म्हणजे त्यांच्या ताटातलं काढून घेणं. आपला वाटा वेचण्याचा नाही, विकत घेण्याचा आहे, आणि तोही घासाघीस न करता.

कारण जाळीला कुणी गिऱ्हाईक उरलं नाही, तर तिला अडगळ म्हणून उपटायला वेळ लागत नाही. करवंद जोवर घरात येतं, पोरांच्या तोंडी बसतं, तोवर ती जाळी कुणाच्या तरी रोजीरोटीची असते. वणवा लावू नका म्हणून सांगणारा माणूसही गावात उभा राहतो. फिनलंडमध्ये रान आणि स्वयंपाकघर यांच्यातली वाट मोडली नाही, म्हणून रानाबद्दल तिथे सगळेच हक्कानं बोलतात. आपली वाटही अजून पुरती मोडलेली नाही. रोज सकाळी ती मंडईच्या दारापर्यंत येते.

पाऊस सुरू झाला की करवंदं संपतात. मग जांभळं येतील. बी काढून त्यांचाही हाच पाय होतो. दुधातली आणि अंड्यातली प्रथिनं त्यांचा तुरटपणा बराच झाकतात. पण करवंदांना आठ-दहा दिवसच उरलेत. या रविवारी मंडईत जा, मावशी सांगतील तो भाव द्या, आणि पायाचा पहिला तुकडा ज्या मुलानं करवंद कधी चाखलेलं नाही त्याच्या हातावर ठेवा.