मॅच कॉम्प्युटर खेळतो, पण सौदे माणसंच करतात : सिम बेसबॉल लीगमधलं ऑफ-सीझन ट्रेडिंग चालतं तरी कसं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा चेन्नईतून राजस्थानकडे गेला आणि संजू सॅमसन चेन्नईत आला. लगेच सोशल मीडियावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे चेन्नई फसली, दुसरी म्हणे राजस्थान फसलं. जडेजासोबत सॅम करनही गेला, जडेजाची किंमत १८ कोटींवरून १४ कोटींवर आली, यावरून जो तो आपलं गणित मांडत होता. मैदानावर एक बॉलही पडला नव्हता, तरी आठवडाभर लोक भांडत होते.

आता विचार करा, हे भांडण नुसतं बघायचं नाही, तर सौदा स्वतःच करायचा असेल तर? तोही दहा टीम्समध्ये नाही, ३० टीम्समध्ये. आणि एका वर्षापुरता नाही, पुढची दहा-पंधरा वर्षं त्याचे परिणाम भोगत.

अमेरिकेत बरीच मंडळी हा उद्योग वर्षानुवर्षं करतायत. त्याला म्हणतात ऑनलाइन सिम बेसबॉल लीग. आणि या लीगमधला सगळ्यात महत्त्वाचा काळ म्हणजे मॅचेस बंद असतात तो, म्हणजे ऑफ-सीझन.

हा नेमका काय प्रकार आहे, इथे सौदे कसे होतात आणि यात शहाणा कोण ठरतो, सविस्तर समजून घेऊयात.

सिम लीग म्हणजे काय?

याची मुळं जुनी आहेत. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर त्याच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेले आकडे, आणि फासे टाकून मॅच खेळायची. पुढे हेच काम कॉम्प्युटरवर आलं. आज या प्रकारातलं सगळ्यात चर्चेतलं नाव आहे आउट ऑफ द पार्क बेसबॉल. गंमत म्हणजे ते तयार केलं मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसाने. त्याची पहिली आवृत्ती १९९९ ची.

ऑनलाइन लीगमध्ये प्रत्येक टीमला एक खराखुरा माणूस जनरल मॅनेजर म्हणजे जीएम असतो. एक जण कमिशनर असतो. जीएम आपले निर्णय घेऊन फाइल पाठवतात, कमिशनर सगळ्या फाइल्स एकत्र करून काही दिवसांच्या मॅचेस चालवतो आणि निकाल सगळ्यांना मिळतो. बॅट कुणाची चालली, कोण जखमी झाला, हे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. टीम मात्र जीएम बांधतो.

इथे फँटसी गेमशी गल्लत करू नका. फँटसीमध्ये खऱ्या मॅचवर तुमचे पॉइंट ठरतात. सिममध्ये खऱ्या मॅचची गरजच नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेतलं बेसबॉल थांबलं, तेव्हा बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या वेबसाइटने याच आउट ऑफ द पार्कवर रोजच्या मॅचेस चालवून निकाल छापले होते.

मग ऑफ-सीझन एवढा महत्त्वाचा का?

कारण त्या काही आठवड्यांत सगळं एकदम हलतं. करार संपतात, बजेट नव्याने ठरतं, खेळाडूंचं वय एकाने वाढतं, आणि रोस्टरच्या मुदती एकामागोमाग एक येतात. सीझन चालू असताना जीएम फक्त भोकं बुजवतो. घर बांधायचं ते ऑफ-सीझनमध्येच.

आता मुद्द्याचं. अनुभवी जीएम या काळात कुठले हिशोब करतात?

१. आधी ठरवा, तुमचं वर्ष कुठलं?

पहिला प्रश्न ‘कोणाला घेऊ’ हा नसतो. ‘मी जिंकणार कधी’ हा असतो. यंदा जिंकायचं असेल तर तयार खेळाडू घ्या आणि पोरं द्या. तीन वर्षांनी जिंकायचं असेल तर उलटं करा. १६२ मॅचेसपैकी ८० च्या आसपास जिंकणारी टीम सगळ्यात अडचणीत असते. प्लेऑफ हुकतो आणि ड्राफ्टमध्ये वरचा नंबरही मिळत नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे जीएम इथेच वर्षानुवर्षं अडकतात.

ट्रेड होतो तोही याच फरकामुळे. समोरचा मूर्ख असतो म्हणून नाही, तर त्याचं कॅलेंडर वेगळं असतं म्हणून.

२. एक वर्ष आधीच विका

बॅटर साधारण पंचविशीच्या उत्तरार्धात जोरात असतो. तिशी ओलांडली की उतार सुरू होतो, आणि सिममध्येही वयाचं हे गणित घातलेलं असतं. तरी सीझन गाजवलेल्या ३१ वर्षांच्या खेळाडूचे आकडे बघून समोरच्याचे डोळे दिपतात. तीच विकायची वेळ. खेळाडू एक वर्ष उशिरा सोडण्यापेक्षा एक वर्ष लवकर सोडलेला बरा, हा विचार बेसबॉलमध्ये ब्रँच रिकी यांच्या नावावर सांगितला जातो. जॅकी रॉबिन्सनला डॉजर्समध्ये आणणारे ते हेच.

अडचण एवढीच की आपल्याला कप जिंकून दिलेला माणूस विकायला मन होत नाही. तो फक्त फाइलमधला आकडा आहे हे माहीत असूनही होत नाही.

३. खेळाडू नाही, त्याची उरलेली वर्षं विकत घेताय

मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूला फ्री एजंट व्हायला सहा वर्षांची सर्व्हिस लागते. साधारण पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. नंतर लवादाची वर्षं येतात आणि पगार चढत जातो. बहुतेक सिम लीग हाच साचा वापरतात.

म्हणून तेवढ्याच ताकदीच्या दोन खेळाडूंची किंमत वेगळी असते. एकाची पाच स्वस्त वर्षं शिल्लक, दुसऱ्याचं एकच महाग वर्ष.

खरं उदाहरण बघा. डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगो पाद्रेसने हुआन सोटोला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवलं. त्याचं एकच वर्ष उरलं होतं. यांकीज २०२४ मध्ये वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचले आणि हरले. मग सोटो त्याच शहरातल्या मेट्सकडे १५ वर्षं आणि ७६५ मिलियन डॉलरच्या करारावर निघून गेला. पाद्रेसला मायकेल किंगसारखा पिचर मिळाला. आलेल्या पोरांपैकी ड्रू थॉर्पला पुढे देऊन त्यांनी डिलन सीझलाही आणलं. कोण जिंकलं? दोघांनाही हवं ते बऱ्यापैकी मिळालं. एका वर्षाची किंमत काय, हे दोघांना माहीत होतं.

४. समोरच्याची मुदत ओळखा

४० जणांच्या रोस्टरमध्ये जागा नसली की टीमची चांगली पोरं रूल ५ ड्राफ्टसाठी उघडी पडतात. दुसरी टीम १ लाख डॉलर भरून असा खेळाडू उचलू शकते. अट एकच, पुढचा पूर्ण सीझन त्याला मुख्य टीममध्ये ठेवायचं. रॉबेर्तो क्लेमेंते हा महान खेळाडू पिट्सबर्गला १९५४ मध्ये याच मार्गाने मिळाला, डॉजर्सने त्याला राखलं नव्हतं म्हणून.

सिम लीगमधले मुरलेले जीएम नोव्हेंबरात दुसऱ्यांचे रोस्टर वाचत बसतात ते यासाठीच. ज्याच्याकडे ४४ चांगली पोरं आणि ४० जागा आहेत, तो चार पोरं फुकट जाण्यापेक्षा कमी भावात देतो. पगाराचंही तसंच. तुमच्याकडे बजेट मोकळं असेल तर समोरच्याचा नकोसा करार अंगावर घ्या आणि त्याबदल्यात एक चांगलं पोरगं मागा.

५. सुट्ट्या पैशांना भुलू नका

‘तुझा एक स्टार दे, माझे चार बरे खेळाडू घे.’ ही ऑफर प्रत्येक लीगमध्ये येते. कागदावर बेरीज जुळते, पण मैदानावर उतरताना जागा मोजक्या असतात. सक्रिय रोस्टर २६ चा. चार जण घेतले की तीन जणांना बाहेर काढावं लागतं, आणि स्टारची जागा रिकामी राहते ती राहतेच. आपल्याकडे भोकं खूप असतील तरच असा सौदा परवडतो.

६. पिचिंगची पोरं जपून मोजा

तरुण पिचरचं रेटिंग २० ते ८० च्या मापात कितीही वर दिसलं, तरी खांदा आणि कोपर कधी दगा देतील सांगता येत नाही. सिममध्येही तेच. शिवाय लीगने स्काउटिंग चालू ठेवलं असेल तर दोन टीम्सना एकाच पोराचं रेटिंग वेगवेगळं दिसतं. त्यामुळे सगळा भार एका पिचरवर टाकून स्टार देऊ नये.

पण खरा खेळ इथून पुढे सुरू होतो

वरचं सगळं गणित आहे आणि ते कुणीही शिकतं. कॉम्प्युटरला फसवणं तर आणखी सोपं. ऑनलाइन लीगमध्ये मात्र समोर माणूस असतो, आणि तो विसरत नाही.

समजा, लीगमध्ये एक नवा जीएम आला. त्याला अजून मुदती कळत नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या खेळाडूने त्याचा २३ वर्षांचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप घेतला आणि बदल्यात ३३ वर्षांचे तीन गाजलेले बॅटर दिले. नियमात बसणारा सौदा आहे. पण दोन सीझनमध्ये नव्या माणसाची टीम तळाला जाते, त्याचा रस संपतो, फाइल यायची बंद होते. त्याची उद्ध्वस्त टीम घ्यायला कुणी तयार होत नाही. रिकाम्या टीम्स वाढल्या की कमिशनर थकतो आणि एक दिवस लीगच बंद पडते. शॉर्टस्टॉप मिळवणाऱ्याचाही सगळा डाव गेला.

म्हणून अनेक लीगमध्ये ट्रेड तपासणारी समिती असते, नव्या जीएमवर सुरुवातीला बंधनं असतात, मुद्दाम हरणाऱ्यांना दंड असतो. हा प्रश्न खऱ्या बेसबॉललाही सुटलेला नाही. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०१३ मध्ये १११ मॅचेस हरले, पोरं गोळा केली आणि २०१७ ला वर्ल्ड सीरिज जिंकले. हा रस्ता सगळेच धरायला लागले तर कसं, म्हणून नंतर ड्राफ्टसाठी लॉटरी आली. २०२४ मध्ये आधुनिक काळातल्या विक्रमी १२१ मॅचेस हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहावा नंबर मिळाला, कारण सलग वर्षं वरचा नंबर घेण्यावरही नियमाने मर्यादा घातली आहे.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मागच्या वेळी करार संपला तेव्हा ९९ दिवस टाळेबंदी होती आणि त्या काळात टीम्सना मेजर लीगच्या खेळाडूंचे ट्रेडही करता येत नव्हते. पगारावर कमाल मर्यादा हवी का, यावरून पुन्हा वाद पेटलाय. सर्व्हिसची वर्षं किंवा लवादाचे नियम बदलले तर सिम लीगनाही ठरवावं लागेल, नवा नियम घ्यायचा की जुनाच चालवायचा. ज्यांनी पाच वर्षांचा हिशोब धरून पोरं गोळा केलीत, त्यांचा हिशोब एका मतदानात बदलू शकतो.

भारतातून खेळता येतं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आहे. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या त्या यामुळेच. सॉफ्टवेअर विकत घेऊन नुसत्या हौसेने खेळायची सिम लीग वेगळी. पण एखादी लीग एन्ट्री फी घेऊन रोख बक्षीस देत असेल, तर मात्र लांब राहिलेलं बरं.

आणि उतरायचंच असेल तर पहिल्या ऑफ-सीझनला एकही मोठा ट्रेड करू नका. बाकीच्या २९ जणांना एक साधा मेसेज टाका : तुम्हाला काय हवंय? आलेली उत्तरं लिहून ठेवा. कुणाचं वर्ष कुठलं आहे, कुणाच्या मुदती तुंबल्यात आणि कुणाशी पुढची दहा वर्षं व्यवहार करता येईल, हे त्या उत्तरांतूनच कळतं.

तुम्हाला काय वाटतं, जडेजा-सॅमसनच्या ट्रेडमध्ये कुणाचं कॅलेंडर बरोबर होतं? कमेंटमध्ये नक्की सांगा.