गुरुवारची सुट्टी, रविवारची पाळी

पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती कामगाराचा रविवार बरेचदा पहिल्या पाळीत जातो. मग त्या दिवशी त्याचं शिष्यत्व रजेवर असतं का? शुभवर्तमानातली बोलावणी तर कामाच्या जागीच आलेली दिसतात: पेत्राला जाळ्यांपाशी, मत्तयाला जकातनाक्यावर. कुणी म्हणेल, ते दोघं काम सोडून निघाले. खरंय. पण जक्कयाला कुणी नाका सोडायला लावला नाही. लुबाडलेलं चौपट परत करायचं त्यानं स्वतःहून कबूल केलं. पौल तर तंबू शिवून पोट भरायचा. इथल्या कारखान्यात याचा अर्थ साधा आहे, आणि म्हणूनच अडचणीचा: मापात न बसलेला जॉब डिस्पॅचच्या घाईत 'ओके' करायचा नाही, कंत्राटी पोरांचे ओव्हरटाइमचे तास हजेरीपटावरून गाळायचे नाहीत. 'बोललो तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील' ही भीती खोटी नाही. हंगामी कामगाराला हौतात्म्याचा उपदेश करणं व्यासपीठावरून फार स्वस्त पडतं. म्हणून ही मागणी आधी सही करणाऱ्याकडे, सुपरवायझर आणि ठेकेदाराकडे जायला हवी. जक्कयही जकातदारांचा मुख्यच होता. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा मांडला, तेव्हा सोडलेला पगार त्यांचा स्वतःचा होता.