‘जनरल’ म्हणजे नेमकं कोण?

रेल्वेच्या जनरल डब्यात कोण बसतं हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. सरकारी दवाखान्यातला जनरल वॉर्डही आपल्याच माणसांनी भरलेला असतो. या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी ‘सगळ्यांचा’, आणि डब्यात, वॉर्डात तो खरा उतरतो. (शेजारच्या डब्यात पैसे मोजून आरक्षण मिळतं, तिथे गुणवत्ता कुणी विचारत नाही.)

प्रवेशअर्जावर मात्र हा शब्द पालटतो. ‘ती जनरलची आहे’ असं कॉलेजात म्हणतात, तेव्हा ती सवर्ण आहे एवढंच ऐकणाऱ्याला कळतं. सगळ्यांचा शब्द थोड्यांचं आडनाव झाला. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या प्रवर्गाचं चरित्रच मांडलं आहे: ज्यांनी जातीचं भांडवल आधीच वटवून घेतलं, त्यांना आता आपल्याला जात नाही असं म्हणणं परवडतं.

कायद्यात ‘जनरल’ नावाचा कुठला जातगट नाही. असतात त्या अराखीव जागा, आणि त्या तुमच्याही आहेत. उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीत खुल्या जागांवर निवडलेल्या शेवटच्या महिलेपेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी महिलांना डावललं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खुला प्रवर्ग हा कुणाचा कोटा नव्हे, तो सगळ्यांना खुला आहे. तरीही एका कार्यालयात मला विचारलं गेलंच, ‘तुम्ही एससी ना? मग या यादीत कसे?’ तुम्हालाही कुणीतरी विचारेल. फक्त वयाची वगैरे सवलत घेतली असेल तर काही भरत्यांचे नियम वेगळे असतात, जाहिरात नीट वाचून घ्या.

२०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने तर आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के जागा ठेवल्या आणि त्यातून एससी, एसटी, ओबीसींमधले गरीब वगळले. म्हणजे गरिबीसुद्धा ‘जनरल’ असावी लागते.

मी आता जागेला ‘अराखीव’ म्हणतो आणि माणसाला ‘सवर्ण’. दुसरा शब्द ऐकून समोरचा चपापतो. मला ‘एससी’ म्हणताना मात्र त्याची जीभ कधी अडखळलेली मी पाहिली नाही.