आवर्तनाचे व्याकरण

संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्ताला दोषांत गणले. परंतु त्याच शास्त्राने यमकाला आणि लाटानुप्रासाला अलंकाराचे स्थान दिले. लाटानुप्रासात तेच पद त्याच अर्थाने पुन्हा येते, बदलते ते केवळ तात्पर्य. पुनरावृत्तीतही काहीतरी पुढे सरकत असते, हे प्राचीनांना ठाऊक होते. आधुनिक समीक्षेने मात्र नावीन्याला एकमेव मूल्य मानले. परिणामी, आवर्तन हाच ज्यांचा कणा आहे अशा ओवी, पाळणा, फेर इत्यादी रचना 'लोकवाङ्मय' या कप्प्यात गेल्या. त्यांच्या आशयाचा अभ्यास झाला, आवर्तनाचा फारसा झाला नाही. हा प्रश्न पुन्हा विचारण्याची निकड एका अनपेक्षित क्षेत्रातून निर्माण झाली आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकाची आज्ञावली आणि तिच्यातील लूप, अर्थात आवर्तनाची आज्ञा.

फरशीच्या नक्षीचे उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सदस्य, धर्मसंघीय साधू सेबास्तियाँ त्रुशे यांनी 1704 मध्ये एक निबंध सादर केला. कर्णरेषेने दोन रंगांत विभागलेली एकच चौकोनी फरशी चार दिशांनी वळवता येते. अशा दोन फरश्या शेजारी ठेवण्याचे 64 प्रकार संभवतात आणि त्यांतून आकृतीच्या दृष्टीने भिन्न असे 10 उरतात, हे त्यांनी दाखवले. पुढे 1987 मध्ये सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी या विचाराची पुनर्मांडणी करताना फरशीचे एक साधे रूप प्रचारात आणले. या फरशीवर कर्णरेषा नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती वर्तुळाचा एकेक चतुर्थांश कंस आहे. ही फरशी दोनच प्रकारे ठेवता येते.

आता 12 ओळी आणि 12 स्तंभ अशी 144 घरे भरावयाची आहेत. आज्ञावलीत एक आवर्तन ओळींचे, त्याच्या पोटात दुसरे आवर्तन स्तंभांचे. एवढ्याने प्रत्येक घरापर्यंत पोहोचता येते. घरात फरशी कशी ठेवावी हे सांगणारी एकच अट त्यात असते. सर्व फरश्या एकाच दिशेने ठेवल्या तर तिरक्या लाटांच्या समांतर रेषा उमटतात. ओळीचा व स्तंभाचा क्रमांक यांची बेरीज सम असेल तेथे सरळ, विषम असेल तेथे वळवलेली फरशी ठेवली, तर लाटा नाहीशा होऊन सुटी, पूर्ण वर्तुळे दिसू लागतात. कडेला तेवढे त्यांचे तुकडे राहतात. निर्णय नाणेफेकीवर सोपवला, तर कुठे मिटलेल्या, कुठे भरकटलेल्या वाटांचा चक्रव्यूह तयार होतो. तिन्ही वेळा फरशी तीच, घरे तेवढीच. बदलली ती केवळ अट.

यातून निघणारा निष्कर्ष साहित्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्षावा असा नाही. नक्षीचा अर्थ तिच्या घटकात नसतो. घटक कोणत्या अटीवर पुन्हा येतो, त्यात असतो. शिवाय लूप हे आंधळे पुनरुच्चारण नव्हे. ते आपली फेरी मोजत असते. प्रत्येक वेळी 'ही कितवी वेळ' याची नोंद त्याच्यापाशी असते आणि त्या नोंदीमुळेच सारखेपणातून भेद निपजतो. जात्यावरच्या ओव्यांत पहिली, दुसरी, तिसरी अशी ओवी मोजत जाण्याची जी पद्धत आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहता येईल. जाते त्याच आसाभोवती फिरते, चाल तीच राहते. पण मोजणीमुळे प्रत्येक ओवीला आपले स्थान मिळते आणि त्या स्थानी कोणत्या देवाचे वा कोणत्या आप्ताचे नाव यावे, हे ठरू लागते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. एवढ्या सामग्रीत 'काय म्हटले' याइतकाच 'कोणत्या अटीवर पुन्हा म्हटले' हा प्रश्न महत्त्वाचा ठरावा.

नक्षीला व्याकरण असते, हा विचार या देशात नवा नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी निगडित असलेले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी 1974 मध्ये तमिळ कोलमचे वर्णन सारणी-व्याकरणाच्या साहाय्याने केले. वाक्याच्या व्याकरणात चिन्हे एका ओळीत मांडली जातात. येथे ती ओळी आणि स्तंभ अशा दोन दिशांनी मांडली गेली, आणि लहान कोलमपासून मोठे कोलम कोणत्या नियमांनी वाढते ते दाखवले गेले. मराठी घरातील ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा बहुधा ठिपक्याला ठिपका जोडते. तमिळ कंबि कोलममध्ये ती ठिपक्यांना वळसा घालत जाते. दोन्हींत ठिपक्यांची मांडणी आधी होते, पण रेषेचा नियम निराळा. तौलनिक अभ्यासाला याहून नेमका विषय कोणता असू शकेल? तथापि संगणकशास्त्राच्या ग्रंथांत कोलमला जे स्थान लाभले, ते भारतीय साहित्याच्या विभागांत अद्याप लाभलेले नाही.

यावर आक्षेप येईल की, या रीतीने जिवंत कलेचे यंत्रात रूपांतर होईल. आक्षेपात तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी. आज्ञावलीतील दोन्ही आवर्तने अवकाशाची आहेत: ओळ आणि स्तंभ. कोलम काढणाऱ्या स्त्रीच्या हाती याखेरीज तिसरे, सर्वांत बाहेरचे आवर्तन असते; ते दिवसांचे. पहाटे पिठाने रेखलेली आकृती दिवसभराच्या पावलांनी पुसली जाते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा काढावी लागते. संगणकाचे लूप ठरलेल्या संख्येला थांबते. उंबऱ्यापुढचे आवर्तन एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि ज्या पिढीत तो हात थांबतो तेथे नियमही थांबतो. आज्ञावली या हाताची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्या हाताला काय ठाऊक होते, हे ती संशोधकाकडून स्पष्ट वदवून घेऊ शकते. 'पारंपरिक नक्षी' एवढी मोघम नोंद छायाचित्राखाली चालते. लूप लिहिताना ती चालत नाही. तेथे आरंभ कोठे, वळण कोठे, अट कोणती आणि थांबणे केव्हा, हे सांगावेच लागते.

म्हणून मौखिक परंपरांच्या संकलनपद्धतीत एक भर घालणे इष्ट होईल. रांगोळी, कोलम, अल्पना यांची केवळ चित्रे जमवून भागणार नाही. ठिपके कोणत्या क्रमाने मांडले, रेषा कोठून निघाली, चुकल्यास ती कशी सावरली, आणि हे कोणी कोणाला शिकवले, याची नोंद त्याच पानावर हवी. गीतांच्या संकलनातही ध्रुवपद 'इत्यादी' लिहून गाळण्याची सवय सोडावयास हवी. कारण गाळलेल्या त्या जागीच, शब्द तेच असताना, तात्पर्य बदललेले असण्याचा संभव असतो. विद्यार्थ्याने अशा एखाद्या नक्षीची पाच-सहा ओळींची आज्ञावली लिहून पाहिली, तर ते संगणकाचे शिक्षण न ठरता टीकालेखनाचाच एक प्रकार ठरेल. सूत्रांतून अवघी भाषा उभी करणाऱ्या पाणिनीच्या देशात व्याकरणाचा अधिकार केवळ शब्दापुरता मर्यादित ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.