विश्लेषण : पाण्याशिवाय माती चाळून सोनं मिळतं? सोलापुरात ‘ड्रायवॉशर’ घेण्याआधी हे वाचा

एप्रिल 2025 मध्ये सोन्याने 10 ग्रॅममागे 1 लाख रुपयांचा टप्पा गाठला. भाव वाढला की मोबाइलवर सोनं शोधण्याचे व्हिडीओही वाढतात. त्यातल्या एका यंत्राचं आकर्षण दुष्काळी भागात जास्त असतं. वाळवंटात उभा असलेला माणूस एका पेटीत फावड्याने कोरडी माती टाकतो, हँडल फिरवतो, धूळ उडते आणि शेवटी पिवळे कण चमकतात. पाण्याचा थेंबही लागत नाही. या यंत्राचं नाव ड्रायवॉशर. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात ते चालेल का?

ड्रायवॉशर काम कसं करतो?

ज्वारीची उफणणी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वारा भुसा उडवून नेतो, जड दाणा खाली पडतो. ड्रायवॉशरमध्ये हा वारा भाता किंवा पंखा देतो. माती आधी चाळणीतून जाते. मग ती तळाला कापड लावलेल्या उतरत्या तबकावर येते. तबकावर आडव्या पट्ट्या असतात. खालून हवेचे झटके बसले की हलकी माती पट्ट्यांवरून उड्या मारत बाहेर पडते आणि जड कण पट्ट्यांच्या मागे अडकतात. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड असतं, तर साधी वाळू 2.65 पट. या फरकावर सगळा खेळ आहे.

1890 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डी आणि कालगुर्लीच्या रखरखीत भागात हजारो लोकांनी असंच हवेवर सोनं वेगळं केलं. पाण्याची सोय नसल्यामुळे आलेली ही वेळ होती. 1903 मध्ये तिथे 500 किलोमीटरहून लांब जलवाहिनीने पाणी पोहोचलं. पाणी असेल तिथे आजही पाण्याचीच पद्धत सरस ठरते, कारण अगदी बारीक सोनं हवेच्या झोताबरोबर निसटतं. ड्रायवॉशरमधला शेवटचा गाळ स्वच्छ करायलाही बहुतेक वेळा थोडं पाणी लागतंच.

यंत्र निवडताना काय पाहतात?

हाताने फिरवायचं भात्याचं यंत्र हलकं असतं आणि त्याला इंधन लागत नाही, पण माती कमी निघते. इंजिन आणि पंख्याचं यंत्र जास्त माती काढतं, पण ते जड असतं आणि धूळही जास्त उडवतं. तबकाचा उतार आणि हवेचा जोर कमी-जास्त करता येतो का, हेही पाहतात. मात्र पहिली अट मातीची असते. ती पूर्ण कोरडी आणि सुटी हवी.

सोलापुरात पहिली अडचण इथेच येते. इथली काळी माती चिकण आहे. ती ओल धरून ठेवते आणि वाळली की तिची ढेकळं होतात. ढेकळात अडकलेला कण हवेने सुटत नाही. रब्बीच्या ज्वारीला वरदान ठरणारा मातीचा हाच गुण या यंत्राला मारक आहे.

पण सोलापूरच्या मातीत सोनं आहे का?

यंत्राच्या किमतीआधी हा प्रश्न विचारायला हवा. सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून तो तयार झाला. आपल्याकडचं खाणीतलं सोनं त्याहून कितीतरी जुन्या, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासच्या खडकांत सापडतं. कोलारची खाण त्याच खडकांत होती. ती 2001 मध्ये बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण त्याच खडकांत आहे आणि ती आजही चालू आहे.

‘रायचूर काही फार लांब नाही, मग भीमेच्या वाळूत सोनं का नसेल?’ असं कुणी विचारेल. उत्तर नदीच्या दिशेत आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते, पंढरपूरवरून खाली जाते आणि पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. सोलापूरपर्यंत तिचं सगळं पाणी बेसॉल्टवरून येतं. सोन्याचे खडक खालच्या अंगाला आहेत आणि नदी उलटी वाहत नाही.

महाराष्ट्रात सोन्याची चर्चा होते ती विदर्भ आणि कोकणाच्या टोकाची. नोव्हेंबर 2022 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गचा उल्लेख केला होता. हे दोन्ही भाग जुन्या खडकांचे आहेत. तिथेही ‘साठा’ म्हणजे खडकात विखुरलेलं सोनं. टनभर दगडात काही ग्रॅम, तेही डोळ्यांना न दिसणारं. असा दगड दळून रसायनांनी सोनं काढावं लागतं. त्या कामात ड्रायवॉशरचा उपयोग नाही.

काळी वाळू म्हणजे सोन्याची खूण?

व्हिडीओंत हे हमखास सांगितलं जातं. तबकात काळी, जड वाळू उरली की सोनं जवळच आहे म्हणे. सोलापुरात कोणत्याही ओढ्यात लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतील. ते बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहखनिज. ड्रायवॉशर इथे ते इमानदारीने गोळा करेल. यंत्र चालतंय असं वाटेल आणि सोनं मात्र मिळणार नाही.

कायदा काय म्हणतो?

जमीन आपली असली तरी सोनं शोधायला परवाना लागतो. खाण व खनिज अधिनियम, 1957 नुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध किंवा उत्खनन केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नदीतली वाळू विनापरवाना उचलणं हाही गुन्हाच आहे. आणि खोदताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर? 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग मातीतून सोनं काढणारे लोक नाहीतच का?

आहेत. सराफ बाजारातली धूळ झाडून, धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात. त्यांना सोनं मिळतं, कारण कारागिराच्या कानशीतून ते तिथे खरोखर सांडलेलं असतं. हा धंदा सोपा नाही. त्यात पारा आणि आम्ल वापरलं जातं, त्याची वाफ शरीरात जाते. कोरड्या धुळीचाही धोका असतोच. बारीक वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो.

झारेकऱ्यांचा हिशेब साधा आहे. आधी सोनं कुठे सांडतं ते पाहायचं, मग झाडू उचलायचा. ड्रायवॉशर विकणारा हा क्रम उलटा करतो आणि आधी यंत्र घ्यायला लावतो. सोलापूरच्या शेतकऱ्याने तेच पैसे बांधबंदिस्तीत किंवा शेततळ्यात घातले, तर त्याच काळ्या मातीतून निदान ज्वारीचं पीक तरी हाती लागेल.