बीएफडब्ल्यू १० आणि मागच्या वर्षीचं जर्नल

तर मंडळी, गेले तीन शनिवार मी एका बेंजोशी भांडतोय. बेंजो म्हणजे अमेरिकन नव्हे, आपला गणपतीतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग. (मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ सालचा नागोयातला शोध. मिरवणुकीत हे ज्ञान पाजळू नका, मार खाल.)

फळी, तारा जमवून घरीच बनवला. घोडीखाली पिएझो चकती चिकटवली आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा एका एफईटीचा प्रीअँप जोडला. सर्किट जे २०१ साठीचं होतं. ड्रेनला १५ किलोओम, सोर्सला १ किलोओम. जे २०१ मिळेना. डबीत डिग्रीच्या काळातले बीएफडब्ल्यू १० पडले होते. म्हटलं, एफईटी तो एफईटी, द्या ठोकून.

आवाज आला, पण सभेत ओरडून घसा बसलेल्या पुढाऱ्यासारखा. बारीक आणि फाटका.

मग सुरू झालं आपल्या जमातीचं लाडकं काम, बदलाबदली. ऑफिसातला मित्र म्हणाला, "एफईटी उडाला असेल रे." बदलला. "कपॅसिटर बघ." बदलला. बॅटरी नवी, सोल्डरिंग पुन्हा, चकतीसुद्धा दुसरी. दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी आणखी एफईटी आणायला तापकीर गल्लीत गेलो, तर दुकानातल्या काकांनी एकच प्रश्न विचारला.

"ड्रेनवर किती व्होल्ट येतात?"

"मोजले नाहीत काका."

"मग बदलताय कशाला?"

च्यायला! घरी येऊन मीटर लावला. ड्रेनवर ०.६७, सोर्सवर ०.५६. म्हणजे एफईटी पूर्ण दाबून बसलेला, सिग्नलला खाली जायला जागाच नाही. कारणही सरळ. गेट आणि सोर्स जोडले की जे २०१ मधून ०.२ ते १ मिलिअँपिअर करंट जातो, बीएफडब्ल्यू १० मधून ८ ते २०. त्याला १५ किलोओममधून श्वास घ्यायला लावलं तर तो गुदमरणारच. मी त्याच जातीचे तीन बदलले, तिन्ही गुदमरले. पंधरा काढून दीड किलोओम टाकला. ड्रेनवर साडेपाचच्या वर आले आणि बेंजो बोलायला लागला. अर्धा तास, दोन रुपये.

आता खरा राग. बीएफडब्ल्यू १० हा काही मला अनोळखी पार्ट नाही. 'एफईटीची कॅरॅक्टरिस्टिक्स' हे प्रॅक्टिकल आम्ही ह्याच पार्टवर 'केलं' होतं. अवतरणचिन्हं मुद्दाम आहेत. रीडिंग्ज मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली, ग्राफ पेपरवर सुंदर वळणदार रेषा काढल्या, व्हायवात व्याख्या पाठ म्हटली, सबमिशन झालं. तो करंट माझ्याच अक्षरात त्या ग्राफवर लिहिलेला असणार!

आम्ही कामचोर होतो हे कबूल. पण मुळात कॉलेजने तरी काय मागितलं? बरोबर चालणारं सर्किट आणि पुस्तकाशी जुळणारं उत्तर. रीडिंग जुळलं नाही की सर 'का?' विचारत नाहीत, 'पुन्हा घे' म्हणतात. मग पोरं जुळवतात. चार वर्षांत एकदाही कुणी हातात बिघडलेलं सर्किट देऊन "शोध" म्हटलं नाही.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं: एका सीआरओमागे दहा पोरं, सिलॅबस संपवायचा, कुठून वेळ आणणार? अहो, ह्याला सीआरओ लागतच नाही! काहीशे रुपयांचा मल्टीमीटर आणि एक चुकीचा रेझिस्टर. आधीच चालणाऱ्या सर्किटची रीडिंग्ज दहाव्यांदा उतरवण्यापेक्षा कमी वेळ लागेल.

दुसरं उत्तर आणखी मस्त, "ते नोकरीत शिकतातच." शिकतात? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रॉडक्शनला काही पडलं की पहिलं वाक्य 'रीस्टार्ट करून बघ' असतं. 'लॉग काय म्हणतोय' हे तिसऱ्या फोनवर कुणीतरी विचारतं. रीस्टार्टने चाललं की तिकीट बंद, पुढच्या मंगळवारी तेच तिकीट पुन्हा उघडं. मी त्यातलाच एक, बाहेरून दगड मारत नाहीये.

असो. बेंजो वाजतोय. फक्त ट्यूबलाइट लावली की घुं करतो. मित्राचा मेसेज आलाय, "केबल बदल." बदलणार नाही. आधी चकतीचं शील्ड ग्राउंडला पोचतंय का ते मोजतो.